सोप्पा रस्ता हवाय!

तुमच्याही ऑफिसात असेलच असा एक जण. लडाखहून परत आलेला. डेस्कवर खारदुंग-लाच्या बोर्डाशेजारी काढलेला फोटो, फोनच्या वॉलपेपरवर बुलेट, आणि कॅण्टीनमध्ये कुणी 'या वीकएण्डला भंडारदरा' एवढं जरी म्हटलं तरी चेहऱ्यावर दयाळू हसू. त्याच्याशी दहा मिनिटं बोललं की कळतं, रस्त्यांचीही एक उतरंड असते. सगळ्यात वर लडाख आणि स्पिती. मधे ताम्हिणी आणि वरंधा, तेही पावसात. आणि पार तळाशी असे रस्ते, जिथून गाडी चालवत गेलो हे कुणी सांगतसुद्धा नाही. सोपे रस्ते. दरड नाही, ऑक्सिजनची बोंब नाही, गाडी बंद पडल्यावर ट्रकवाला देवासारखा धावून आल्याची स्टोरी नाही. मग सांगणार काय, कपाळ?

मी सांगणार आहे. मसुरी ते चंबा, जेमतेम साठ किलोमीटर, डांबरी, देवदारांमधून जाणारा रस्ता. त्यातला बराचसा मी तिसऱ्या गिअरमध्ये चालवला आणि मला त्याचा जाम अभिमान आहे.

त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल. जून २०२३. एक्स्प्रेस-वे, नुकताच सुरू झालेला पाऊस, पुढे कुठेतरी काहीतरी अडकलेलं आणि गाड्यांची रांग. मी थांबले. मागचा टेम्पो थांबला नाही. बस, एवढंच. कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं असं पंचनामा करणाऱ्या हवालदारांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. डिकी मागच्या सीटपर्यंत आली, माझं कॉलरबोन मोडलं, शेजारी बसलेल्या आईच्या कपाळाला चार टाके पडले. हाड सहा आठवड्यांत जुळलं. गाडी महिन्याभरात गॅरेजमधून नवीकोरी होऊन आली.

मी मात्र गाडी चालवेनाशी झाले. म्हणजे अगदीच नाही असं नाही. दर रविवारी पार्किंगमधून गाडी काढायची, सोसायटीच्या गेटपर्यंत न्यायची आणि परत आणून लावायची. वॉचमनकाकांना वाटायचं, बॅटरी उतरू नये म्हणून करते. मीही त्यांचा समज तसाच राहू दिला. गंमत म्हणजे मला पुढच्या रस्त्याची भीती वाटतच नव्हती. माझं सगळं लक्ष मागच्या आरशात. त्यात काहीही दिसलं, साधी रिक्षा जरी दिसली, तरी खांदे कानापर्यंत यायचे. आरशात बघत पुढे जाणाऱ्या माणसानं रस्त्यावर येऊ नये, हे मला कळत होतं. म्हणून येत नव्हते.

सल्ले भरपूर मिळाले. 'एकदा घाटात घाल गाडी, भीती पळून जाईल.' 'पडलं की लगेच घोड्यावर बसायचं असतं.' भीतीवर आणखी मोठी भीती हा उपाय मला होमिओपॅथीसारखा वाटतो. ज्यांना लागू पडतो त्यांना पडो. शेवटी कामाचा सल्ला दिला तो मास कॉमला माझ्या बॅचला असलेल्या एका मैत्रिणीनं. ही मूळची सदाशिव पेठेतली, आता नोकरीसाठी डेहराडूनला. फोनवर म्हणाली, ''ए, तू इकडे ये. माझी गाडी आहे. एक रस्ता आहे, इतका सोपा की कंटाळशील.''

''मी पण येते,'' आई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता इतकंच. टाके पडल्यापासून ती माझ्या शेजारीच काय, कुणाच्याच गाडीत पुढे बसली नव्हती. रिक्षानं फिरायची आणि रिक्षातही समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरायची.

ऑक्टोबर २०२४. दसरा झाला आणि आम्ही निघालो.

डेहराडून ते मसुरी हा सोपा रस्ता नाही, हे आधीच सांगून टाकते. पस्तीसेक किलोमीटरमध्ये तेराशे-चौदाशे मीटर चढायचं म्हणजे वळणावर वळण, त्यात बसेस, त्यात दिल्लीच्या गाड्या. तिथे मैत्रिणीनंच चालवलं. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली, ओठ हलत होते. रामरक्षा. मसुरीत आम्ही थांबलोच नाही. लंढौरच्या अंगानं वुडस्टॉक स्कूल मागे टाकलं, गर्दी विरळ झाली आणि एका रुंद जागी मैत्रिणीनं गाडी बाजूला घेतली. किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि संत्र्यांची पिशवी घेऊन स्वतः मागे जाऊन बसली. आई मागून उतरली. पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसली. बेल्ट लावला, दोनदा ओढून बघितला. म्हणाली काहीच नाही.

आता हा रस्ता सोपा का, ते सांगते, कारण त्यात थोडा भूगोल आहे. मसुरी साधारण २००० मीटरवर, धनौल्टी २३०० च्या आसपास, आणि मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे सगळा दमवणारा चढ मसुरीपर्यंतच संपलेला असतो. पुढे रस्ता डोंगर चढत नाही, डोंगराच्या पाठीवरून चालत जातो. हत्तीच्या पाठीवर मुंगी चालावी तसा. कधी या कुशीला, कधी त्या कुशीला. वळणं आहेत, पण लांबलचक, आळसावलेली. समोरून येणारी गाडी पुष्कळदा आधी पलीकडच्या वळणावर दिसते, मग झाडांत लपते, मग तुमच्यासमोर येते. तिची तुमची ओळख आधीच झालेली असते. एकाच वेळी एकाच ठिकाणी तुम्ही दोघंही अचानक उगवलात, असं फारसं होत नाही.

आणि कूस बदलली की जंगल बदलतं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त, ओल कमी, म्हणून तिथे गवत आणि मोकळं रान. उत्तरेकडच्या सावलीच्या बाजूला बांज ओक, बुरांश आणि देवदार. त्यामुळे काय होतं, की तुम्ही उन्हातून एक वळण घेता आणि कुणीतरी एसी लावल्यासारखं एकदम गार होतं. बाहेर बघावं तर दोन्ही बाजूंनी सरळसोट खोडं, फांद्या आडव्या, एकावर एक थर लावल्यासारख्या.

सुवाखोलीपर्यंतचे पहिले दहा किलोमीटर आमच्यात कुणी बोललं नाही. मैत्रिणीनं तसा नियमच केला होता. सुवाखोलीला चहाची चार दुकानं, एक फाटा उत्तरकाशीकडे जातो, दुसरा आपला. तिथे थांबल्यावर लक्षात आलं की काचेवर पिवळी धूळ बसलीये. मी वायपर लावला तर हळदीचे दोन अर्धगोल उमटले. धूळ नव्हती, देवदाराचे पराग होते. आंबा-बिंबाचा मोहोर वसंतात येतो म्हणून आपण सगळ्या झाडांचं तेच धरून चालतो. देवदार शरद ऋतूत परागकण उधळतो. आईनं बोनेटवरून बोट फिरवून कपाळाला लावलं. टाक्यांच्या व्रणाच्या जरा खाली.

देवदार हा शब्द आपल्याला लहानपणापासून माहीत असतो, पण कशावरून? खोक्यावरून. देवदारी खोकं. माळ्यावर जुनी भांडी भरून ठेवलेलं, खिळे वर आलेलं. झाड प्रत्यक्ष बघेपर्यंत माझ्या डोक्यात देवदार म्हणजे काहीतरी स्वस्तातलं, फेकून देण्याजोगं लाकूड होतं. प्रत्यक्षात हे झाड इतकं मानाचं की कालिदासानं 'रघुवंशा'त शंकरानं त्याला मुलगा मानल्याचं लिहून ठेवलंय आणि पार्वती त्याला पाणी घालत असे. आणि लाकूड इतकं टिकाऊ की एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी गढवालच्या देवदारांवर कुऱ्हाड आली. फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजानं हर्सिलच्या बाजूचे देवदार तोडून ओंडके नदीतून खाली सोडले आणि गडगंज पैसा केला. 'पहाडी विल्सन' म्हणतात त्याला. १८८३ मध्ये गेला, मसुरीच्याच दफनभूमीत आहे. आपण दादरहून पहाटेची गाडी पकडतो तेव्हा डोक्यात येत नाही, पण या देशाची सुरुवातीची बरीच रेल्वे अशा झाडांच्या अंगावरून धावलेली आहे.

(पुराण पुरे. गाडीत बसू.)

बुरांशखंड्याच्या आसपास केव्हातरी मी आरशात बघितलं आणि त्यात काहीच नव्हतं. म्हणजे देवदार होते. मागे मागे जाणारे, बारीक होत जाणारे. मी पुन्हा बघितलं. पुन्हा देवदार. सोळा महिन्यांत पहिल्यांदा मला आरशात बघण्यासारखं काही नाही म्हणून मी पुढे बघायला लागले. आणि पुढे बघितल्यावर डाव्या हाताला एकदम बर्फाची रांग दिसली. पावसाळा संपून हवा धुतलेली, त्यामुळे बंदरपूंछ, त्याच्या बाजूची सगळी पांढरी मंडळी, अगदी खडूनं काढल्यासारखी. आई म्हणाली, ''तू रस्त्याकडे बघ, मी सांगते तुला काय दिसतंय ते.'' आणि पुढचा अर्धा तास तिनं खरंच रनिंग कॉमेण्ट्री केली. ''आता एक टोकदार आहे. आता ढग आला. आता दोन बायका गवताचे भारे घेऊन चालल्यात, जरा हळू घे.''

धनौल्टीला मात्र सोपं प्रकरण थोडं अवघड झालं. शनिवार होता. इथे 'अंबर' आणि 'धरा' अशी दोन इको-पार्क आहेत, देवदारांच्या गर्दीत पायवाटा वगैरे केलेल्या. छान आहेत, पण बाहेर गाड्या अशा लावलेल्या की तुळशीबाग बरी. मॅगी, कणसं, घोड्यावरून फेऱ्या. आम्ही राजमा-चावल खाल्ला, आईनं झाडाखाली पडलेली लाकडी गुलाबं गोळा केली. देवदाराचं फळ पाइनसारखं अख्खं खाली पडत नाही. त्याचे खवले झाडावरच सुटे होऊन गळतात, आणि शेंड्याचा तेवढा भाग फुलासारखा टपकतो. लाकडात कोरल्यासारखं फूल. अकरा मिळाली. दिवाळीच्या तोरणाला लावायची होती.

तिथून निघालो आणि दोन किलोमीटरवर आरसा भरला. काळी, मोठी, दिवे लावलेली एसयूव्ही. आरशात दुसरं काही मावेचना. हॉर्न, मग आणखी लांब हॉर्न. माझे खांदे वर आले. आईचा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला. मागून संत्री सोलण्याचा आवाज थांबला.

मी तेव्हा काय केलं ते ऐकायला फार काही नाही. डावा इंडिकेटर दिला. वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला डांबर संपून गवताचा पट्टा होता, डावी चाकं त्यावर घेतली, हात बाहेर काढून 'जा बाबा' केलं. ती गाडी गेली. तिच्या मागच्या काचेवर कुठल्या तरी बाळाचं नाव होतं, ते मी वाचलंसुद्धा. मग गवतावरून चाकं परत डांबरावर. झालं.

एक्स्प्रेस-वेवर त्या दिवशी मला बाजूला व्हायला जागाच नव्हती. डावीकडे कंटेनर, उजवीकडे डिव्हायडर. इथे जागा होती. मी ज्याला इतका वेळ सोपा रस्ता म्हणतेय, त्याचं वर्णन मला विचाराल तर एवढंच आहे. वळणं, चढ, खड्डे हे सगळं नंतर. ज्या रस्त्यावर घाबरलेल्या माणसाला कडेला होता येतं, तो सोपा.

आईचा हात डॅशबोर्डवर अजून तसाच होता. एक-दोन वळणांनंतर तिनं तो हळूच मांडीवर घेतला.

कद्दूखालला (गढवालीत खाल म्हणजे खिंड) सुरकंडा देवी. डोंगराच्या डोक्यावर, साधारण २७५० मीटरवर. सतीचं शिर इथे पडलं अशी श्रद्धा आहे. आपल्या साडेतीन पीठांच्या हिशोबात हे बसत नाही, पण आईला तो प्रश्न पडला नाही. आधी दीड-दोन किलोमीटरची खडी चढण चालावी लागायची. २०२२ मध्ये रोप-वे झाला. वणीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यावर जशी आईच्या गुडघ्यांची सोय झाली, तशीच इथे. वरून बघितलं तर आम्ही आलो तो रस्ता काळ्या रिबिनीसारखा झाडांत शिरत होता, बाहेर येत होता. 'एवढं चालवलंस?' असं आई म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, ''चप्पल खाली राहिली का गं माझी?''

काणातालच्या पुढे, उन्हं उतरायला लागल्यावर, आईची कॉमेण्ट्री बंद झाली. मला वाटलं, घाबरली. बाजूला बघितलं तर झोपली होती. मान खिडकीकडे कलंडलेली, तोंड किंचित उघडं, मांडीवर लाकडी गुलाबांची पिशवी. मी मागे मैत्रिणीकडे बघितलं नाही, कारण मग दोघी रडलो असतो, आणि गाडी चालवताना ते बरं नाही. चंब्यापर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

चंबा (हे गढवालचं, हिमाचलचं नव्हे) म्हणजे टेहरी, ऋषिकेश, मसुरी अशा तिन्ही बाजूंच्या गाड्यांचा गलबला. बाजारात रायफलमन गब्बरसिंह नेगींचं स्मारक आहे. इथल्याच शेजारच्या गावचा हा पोरगा, १९१५ मध्ये फ्रान्सच्या न्यव्ह शापेलच्या लढाईत मारला गेला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या शांत, हिरव्या उतारांवरून माणसं कुठल्या कुठे गेलीत.

रात्री तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी ऋषिकेशकडे उतरताना जंगल साफ बदललं. देवदार वर राहिले, खाली आले चीड पाइन. दिसायला हेही देखणं. ऊन झिरपणारं, मोकळं, खाली झुडपं फार नाहीत. पण गाडी थांबवून उतरलात तर पाय घसरतो. वीतभर लांबीच्या, तीन-तीनच्या जुडीनं येणाऱ्या वाळक्या सुया, इथे त्यांना पिरूल म्हणतात, यांचा गालिचाच अंथरलेला असतो. उन्हाळ्यात काडी पडायचा अवकाश. उत्तराखंडात २०१६ आणि २०२४ साली वणवे पेटले त्यात या सुयांचा हात मोठा. गुरांना खायला त्या उपयोगी नाहीत. त्यामुळे गावातल्या बायकांना विचाराल तर त्या बांज मागतात. बांजाचा पाला गुरं खातात, त्याच्या मुळाशी ओल राहते. चीड झटपट वाढतो, आग सोसतो, लाकूड देतो, राळ देतो. जंगलखात्याला इतकं सोयीचं झाड दुसरं कुठलं? तेव्हा सोपेपणाचं मी कितीही कौतुक करत असले, तरी इथे ते कुणाच्या डोक्यावर पडतं हे दिसत होतं. त्या डोक्यांवर गवताचे भारे होते.

हे हेंवल नदीचं खोरं. चिपको म्हटलं की आपल्याला गौरादेवी आणि रैणी गाव आठवतं, पण १९७७ मध्ये या खोऱ्यातल्या बायकाही उठल्या होत्या. राळ काढण्यासाठी पाइनला खोल खाचा पाडून लोखंडी पत्रे ठोकत, ते त्यांनी उपटून काढले आणि झाडांच्या जखमांवर माती लिंपून पट्ट्या बांधल्या. त्याच वर्षअखेरीला अदवाणीच्या जंगलात झाडं तोडायची वेळ आली तेव्हा बचनीदेवी पुढे होत्या, आणि तोडायचा ठेका होता त्यांच्याच नवऱ्याकडे. भर दुपारी हातात पेटते कंदील घेऊन बायका आल्या. अधिकाऱ्यांना उजेड दाखवायला! १९८० नंतर हजार मीटरच्या वरची हिरवी झाडं व्यापारासाठी तोडायला बंदी आली. काल मी ज्या सावलीतून तिसऱ्या गिअरमध्ये आले, ती सावली या सगळ्याचीही आहे.

एका खोडावर राळेसाठी पाडलेली नवी खाच दिसली. आईनं बोट लावलं, हुंगलं. ''रंगाऱ्याचा वास येतोय,'' ती म्हणाली. बरोबर होतं. टर्पेंटाइन यातूनच निघतं. ती थोडा वेळ ती खाच निरखत राहिली. मग पर्समधून टिश्यू काढून बोट पुसलं, पण चिकट ते चिकटच.

आगराखालला चहा घेतला. इथून पुढे नरेंद्रनगरचा उतार, ऋषिकेशपर्यंत खाली खाली. वळणं घट्ट, बसेस, ट्रक. सोपा म्हणता येणार नाही असा. मैत्रिणीनं संत्र्याची सालं टपरीच्या डब्यात टाकली, हात पुसले आणि किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला. बोलणं तसंच ठरलं होतं.

''राहू दे गं तिच्याकडेच,'' आई म्हणाली आणि पुढचं दार उघडून बसली.

मी सेकंड गिअरमध्ये उतरले. नरेंद्रनगरपर्यंत आरशात चार गाड्या होत्या. दोघींना पुढे जाऊ दिलं.